रुखमाले धाडलेला निरोप

आमच्या कमलीनं नाटक लिवलं. चंद्रपूरच्या शाळेत मास्तरीण आहे, अठ्ठावीसची झाली, अन् लग्नाचं नाव काढलं का भांडे आपटते. भांडे आपटाचं माह्याकडूनच शिकली, म्हून मी काही बोलत नाई.

दिवाळी झाली का आमच्या गावची मंडई भरते, जत्रा अन् नाटकं. यंदा मंडईत मोठ्या कंपनीचं नाटक गावच्या मैदानात, हजार माणसाच्या मंडपात. कमलीचं मात्र राइस मिलच्या मागं, धान वाळवाच्या फरशीवर. ज्याइले मंडप कोणी देत नाई असे आणखी दोन नाटकवाले तिच्या संग आहेत. कमलीच्या नाटकात दोन बाया तेंदूपत्ता तोडतेत. दोघीइले एकाच घरात राहाचं असते, नवराबायकोवानी. बस. सरपंचानं इचारलं, "यात व्हिलन कोण?" कमली म्हणे, "तुम्ही या, समोर बसा, मंग सांगतो."

गोष्ट माही आहे. उन्हाळ्यात तिनं इचारलं, "माय, बाबाच्या आधी तुले कोणी आवडलं होतं का?" मी म्हटलं, "रुखमा." ती हसन म्हून मी थांबली. ती हसली नाई.

रुखमा अन् मी आलापल्लीकडच्या एकाच गावच्या. भुजलीच्या सणाले टोपलीतले गव्हाचे कोंब एकमेकीच्या कानात खोसले अन् सया झालो. मंग तिले जिवतीच्या पहाडावर दिली, मले इथी. छप्पन साली धम्म घेतला, देव सोडले, भुजली सोडली. सई सोडाची का नाई हे कोणी सांगतलं नाई. त्याच्यानंतर एकदाच भेटली, राजुऱ्याच्या बाजारात. दोघीच्या कडेवर लेकरं. "सुकली काऊन वं?" म्हणे. मी म्हटलं, "तू जाड झाली म्हून मी सुकलेली दिसतो." तेवढ्यात तिच्या नवऱ्यानं हाक मारली. त्याले पंचवीस वर्सं झाले.

मंडईले पाहुणे बोलावाची आमची रीतच आहे. म्हून बांगडीवाल्या बाबूभाईजवळ निरोप धाडला, तो पहाडावरच्या बाजाराइले जाते. "रुखमाले सांगजा, मनकर्णानं नाटक पाहाले बोलावलं."

काल दुपारी बाबूभाई बांगड्याची पेटी घेऊन ओट्यावर टेकला.

"बाई, काम फत्ते! रुखमाबाईचा मोठा पोरगा लहानू येऊन राह्यला. संग त्याचा साळा, अन् धाकटा भाऊ दसरू."

"अन् रुखमा?"

"ते कायले येतीन? पोरगी पाहाले बाप्पे माणसं येतेत."

"कोणती पोरगी?"

"कमला! बिनलग्नाची पोरगी घरात, अन् मंडईचं बोलावणं. मी का लहान आहो? दसरूसाठी लहानूच्या कानात मीच टाकलं."

चूक माहीच. आमच्या झाडीपट्टीतल्या अर्ध्या सोयरिकी मंडईत जुळतेत, अन् मले ते सुचलं नाई. मी एकाच माणसाचा इचार करून राह्यली होती.

"बाबूभाई, तुमाले बांगड्या भराले धाडलं होतं का लग्न लावाले?"

तो हसत पेटी उघडाले लागला. माह्या तोंडातून गेलं, "रुखमाच्या हाताचं माप काय आता?"

"सव्वादोन. पहिल्यापासून तेच."

दरसाल हा माणूस तिचा हात हातात घेते. मले त्याचा राग आला.

चूक झाली म्हणावं, तर कोणी येणार नाई. गप राहावं, तर तीन बाप्पे येतीन अन् रुखमा चुलीपाशी राहीन. कमली आतून ऐकत होती, बाहेर आली.

"माय, येऊ दे. नाटकात मी रुखमाचंच काम करतो. दीड तास पोरगी समोर दिसन, फुकट."

"अन् पसंत पडली तर?"

"ते नाटक पाहून पसंत पडली तर त्याइच्या घरी चहा प्याले जाईन. लग्नाचं नाव नाई."

बाबूभाई तोंड उघडं टाकून आमच्याकडे पाहत होता. मी म्हटलं, "लहानूले सांगा, मनकर्णाच्या घरची पोरगी बाप्प्याइले दाखवत नाई. मायनं यावं, सोता पाहावं. माय नाई, तर पोरगी नाई."

"त्याइचे गुडघे दुखतेत, बाई."

"बैलबंडी जुपा म्हणाव. खाली मऊ तणस आथरा."

"अन् नाटक कायचं म्हून सांगू?"

"लहानूले काही सांगू नोका. तिले सांगा, भुजलीचं आहे."

तो गेला. मंडईले अजून आठ दिवस आहेत. आज मी मिलच्या मागं जाऊन आली. मिलवरच्या सुकलूची बायको फरशी झाडत होती. पहिल्या ओळीत पोतं आथरलं अन् बसून पाहिलं. डावीकडं एका बाईपुरती जागा सोडली. मंग आठवलं का ती जाड झाली, अन् आणखी वीतभर सरकली.

झाडून थकली त सुकलूची बायको तिथीच टेकाले आली.

"तिकडं बस वं," मी म्हटलं. "इथी पाहुणी याची आहे."

"कोण?"

"पोरगी पाहाले येऊन राह्यली."