आठ घरांचा एक बंब

नंदुरबार स्टेशनामागच्या रूपचंद शेठच्या चाळीत आठ खोल्या होत्या, आठ बिऱ्हाडं होती आणि आंघोळीच्या पाण्याच्या आठ चुली होत्या. स्वयंपाक कोळशाच्या शेगडीवर व्हायचा, त्या शेगड्या बिचाऱ्या गरीब. खरा उच्छाद सकाळच्या या आठ चुलींचा. ओल्या काटक्या फुंकून फुंकून बायकांचे डोळे लाल व्हायचे आणि एवढं करून पाणी कोमटच. शेवटच्या खोलीतल्या रमिलाबाईच्या वाट्याला तर तेही नसे. नवरा, दोन मुलं आणि सासरा न्हाऊन होईपर्यंत सरपण संपलेलं असायचं. लग्न होऊन बारा वर्षं झाली, थंडीत ती गारच पाण्याने न्हात आली होती. तक्रार करायची तिला सवय नव्हती, पण लक्षात ठेवायची होती.

सत्तावन्न सालच्या हिवाळ्यात पहिल्या खोलीतल्या अनुसयाबाईने मोठाच पराक्रम केला. म्हातारी घरी बसून मिरच्यांचे देठ खुडायची. लाकडं वाचवायला तिने ते वाळके देठ चुलीत सारले. शेजारच्या खळ्यावर शेठची मिरची वाळत होती आणि सुरतेचे व्यापारी भाव करत उभे होते. धूर तिकडे गेला मात्र, भाव राहिला बाजूला, सगळे जण खोकून खोकून वाकडे झाले. व्यापारी गेले ते गेलेच.

शेठ तरातरा चाळीत आला.

"हाई चाळ शे का भट्टी? संक्रांतले सकाळे मी येसू. धूर दिखना तर खोल्या खाली करा!"

शेठ रागावला की तोंडाने बोलायचा ते हाताने करूनही दाखवायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बायका रडवेल्या झाल्या. रमिलाबाईला रडू आलं नाही, राग आला. या चाळीतून उठून जायचं कुठे? त्या संध्याकाळी भाकरी वाढता वाढता तिने नवऱ्याला विचारलं. भाईदास रेल्वेच्या इंजिनात कोळसा टाकायच्या कामावर होता.

"इंजिनमा धूर कोठे जास हो?"

"पानीमाईन नळ्या जातस, त्यामाईन धूर जास, मंग धुराडामा. जाता जाता पानी तपाडी जास."

"आन एक इंजिन वीस डबा ओढस ना?"

"ओढस."

"मंग आपला आठ डबाले आठ इंजिनं कसाले?"

भाईदासचा घास हातातच राहिला. इतकी वर्षं इंजिनावर काढून हे आपल्याला का सुचलं नाही, याचा त्याला थोडा रागच आला. मग तो हसला आणि म्हणाला, उद्या पिंप बघतो.

तेलाच्या घाण्यावरून एक जुनं पिंप मिळालं. टिनवाल्याने त्याच्या मधोमध धुराची नळी बसवली आणि ती वर कौलांच्याही पुढे हातभर नेली. खाली मातीची बंद चूल, बाजूला तोटी. वरून गार पाणी ओतायचं, तोटीतून गरम घ्यायचं. रमिलाबाईने पिंपाला जुनी पोती गुंडाळली आणि वर भुसा, शेण, मातीचा जाड लेप दिला. अनुसयाबाई पदर तोंडाला लावून हसली.

"पिंपले गोधडी! त्याले थंडी वाजस का व माय?"

"त्याले नही वाजत, जीजी. आपलेच वाजस, म्हनीसन!"

पण म्हातारीची खरी अडचण निराळी होती. "मन्हा देवले दुसरानी चूलनं पानी चालाव नही," ती ठामपणे म्हणाली. आता आली का पंचाईत! एक घर फुटलं की दुसरी चूल पेटणार आणि शेठला धूर दिसणार. रमिलाबाईने क्षणभर विचार केला.

"मंग तुम्ही बी तुमनं सरपण टाका. आठ घरनं सरपण, आठ घरनी आग."

म्हातारीला हे पटलं. तेव्हापासून रोज सकाळी प्रत्येक घरातून एकेक मूठ सरपण येऊ लागलं. पूर्वी एका घराला लागायचं तेवढ्यात आता तीन घरं न्हाऊ लागली. संक्रांत पार पडेपर्यंत कोणाला पाणी कमी पडू नये म्हणून रमिलाबाई स्वतः मात्र अजून गारच पाण्याने उरकत होती.

संक्रांतीला उजाडायच्या आत कानटोपी घालून शेठ अंगणात हजर झाला आणि खाटेवर ठाण मांडून बसला. लोक बादल्या नेत होते, तीळ लावून न्हात होते. शेठ मात्र धुराची वाट बघत होता.

"चूल कव्हय पेटाडशात?"

"कव्हयनीच पेटी गई, शेठ," रमिलाबाई म्हणाली.

तेवढ्यात अनुसयाबाई देवाच्या पाण्यासाठी आली. तिने चुलीचं झाकण उघडून आपली मूठ आत टाकली आणि झाकण लावलं. रमिलाबाईने पाहिलं. देठ! म्हातारीने पुन्हा देठच टाकले होते!

आता काही करता येणार नव्हतं. एकीने दुसरीला खुणावलं आणि आठही घरच्या बायकांनी नाकाला पदर लावला. सगळ्यांची नजर शेठच्या नाकावर. शेठने नाक खाजवलं. रमिलाबाईने डोळे मिटून घेतले. आता खोकतो, आता उठतो, आता खोल्या खाली करा म्हणतो.

कोणीच खोकलं नाही. धुराड्यावर एक कावळा ऊब घेत बसला होता, तो तेवढा केकाटत उडाला.

"आठे व्हई काय ऱ्हायनं?" शेठने सगळीकडे बघत संशयाने विचारलं. "नाकले पदर काबर लायात? काय जाळी ऱ्हायनात?"

"देठ," अनुसयाबाई सरळ म्हणाली. "दुसरं काय टाकसू? मन्हा घरमा तेच शेत."

शेठ ताडकन उठला. चुलीपाशी गेला, वाकला, दीर्घ श्वास घेतला. पुन्हा घेतला. मग वर आकाशात विरणाऱ्या त्या बारीकशा रेघेकडे बराच वेळ बघत राहिला आणि खो खो हसत सुटला.

"मन्ही वखारना मांगे देठंसना डोंगर शे! लई जा, सगळा लई जा! आन मन्हा वाडामा बी असं पिंप बांधी द्या. तठे पाच भाऊ शेत आन पाच चुली!"

चाळीने एकच कल्ला केला. शेठच्या तोंडात तिळगूळ कोंबला गेला. खोल्यांचं पुन्हा कोणी नाव काढलं नाही.

सगळ्यांचं न्हाणं आटोपल्यावर रमिलाबाई सवयीने शेवटी बादली घेऊन तोटीपाशी आली. वाफाळतं पाणी भरून ती न्हाणीत शिरली. पहिला तांब्या अंगावर घेतला आणि ती तिथेच थबकली. दुसरा घेतला. तिसऱ्याला तिला रडू आलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. बाहेरून भाईदासने हाक मारली.

"व्हयनं का व? कितला येळ?"

"नही व्हयनं!" ती आतून ओरडली. "अजून एक बादली घेसू!"