घराचा पास

किळस यायला घाणच लागते असं कुणी सांगितलं? नेत्राला किळस आली ती एका छापील, स्वच्छ, शिक्का मारलेल्या कागदाची. कागदावर इंग्रजीत लिहिलं होतं की परशू गावडा हा माणूस बारा वर्षं आमच्याकडे टर्बाइनचा फिटर आहे, त्याच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही, आणि त्याला आमच्या शुभेच्छा. शब्द न् शब्द खरा होता. फक्त तो माणूस परशू नव्हता. तो तिचा नवरा शिवानंद होता, परशूचा धाकटा भाऊ.

आता हे कसं झालं ते ऐका. जोयडा तालुक्यात काळी नदीवर वीजघरं आहेत. त्यातलं हे कुठलं ते मी सांगत नाही, कुणाच्या पोटावर पाय कशाला द्या? तिथं कंत्राटावर माणसं लागतात आणि आत जायला गेटपास लागतो. आमच्या डोंगरातल्या घरांत हा पास माणसाचा नसतोच, घराचा असतो, रेशनकार्डासारखा. थोरला भाताच्या लावणीत गुंतला की धाकटा पास गळ्यात घालून जातो, धाकट्याला ताप भरला की चुलतभाऊ जातो. मुकादम नंबर तेवढा लिहून घेतो. तोंडं बघत बसायला त्याला कुठला वेळ! तर पास काढला परशूनं. चार महिने गेला, मशिनच्या घरघरीनं डोकं उठतं म्हणून घरी बसला, आणि एकोणीस वर्षांच्या शिवानंदाच्या गळ्यात पास अडकवला. तो बारा वर्षं उतरला नाही. शिवानंद मात्र मशिनला असा लागला की नुसत्या आवाजावरनं सांगायचा, तीन नंबरचं बेअरिंग दुखतंय म्हणून. सुट्टीच्या दिवशीसुद्धा इंजिनिअर त्याला जीप पाठवून न्यायचे.

ह्या गुणाचं सोनं करायचं नेत्रानं ठरवलं. ती गणेशगुडीच्या एका लॉजवर स्वागतकक्षात बसते. नदीत राफ्टिंगला येणाऱ्यांची नावं लिहिते, इंग्रजी बोलते, फाडफाड नाही पण अडत नाही. आठ महिने तिनं संगणकावर एकच गोष्ट शोधली: परदेशात विजेच्या कंपनीत नोकरी, आणि व्हिसाची जबाबदारी कंपनीची. काय काय भेटलं म्हणून सांगू! रामनगरच्या स्टँडवर पत्रकं वाटणारा एजंट भेटला, नॉर्वेच्या पवनचक्कीत बसवतो म्हणाला. त्याच्या पत्रात नॉर्वेचं स्पेलिंगच चुकलेलं. दुसऱ्यानं नेमणुकीचं पत्र आधी पाठवलं आणि शिक्षण काय ते नंतर विचारलं. नेत्रानं एकच चाळण लावली होती. जो आधी पैसे मागतो तो चोर, कारण खरी कंपनी माणसासाठी स्वतः सरकारकडे अर्ज करते. त्या चाळणीतनं शेवटी एक दाणा खाली पडला. न्यूझीलंडातली एक जलविद्युत कंपनी, फिटर हवेत, बायकोपोरांना पण नेता येतं. तिनं चौकशी केली, तिकडनं उलट पत्र आलं: अनुभवाचा दाखला जोडून अर्ज पाठवा.

आणि दाखला आला तो असा.

कंत्राटदार म्हणाला, ‘‘शिवानंदचं नाव कसं घालू? मग बारा वर्षं आत कोण होतं ते मला विचारतील. मी जेलात जाऊ व्हय?’’

ह्याच्यापुढं जे झालं ते सांगतानाही माझ्या तोंडाला कडू चव येते. परशूनं कागद हातात घेतला, उलटासुलटा बघितला, आणि म्हणाला, ‘‘नाव माझं हाय. मग जायाचं बी मीच की.’’ दुबईच्या नादात काढलेला पासपोर्ट त्याच्या ट्रंकेत होताच. पाना कुठल्या बाजूनं धरतात ते ठाऊक नसलेला हा गडी!

‘‘भावजी, तिकडं मशिनपाशी उभं केल्यावर काय करशीला?’’ नेत्रानं विचारलं.

‘‘शिकीन. शिवा कुठं पोटातनं शिकून आलावता?’’

‘‘कुणाचा तरी जीव घेशीला.’’

सासू अनुसया भाकरी थापता थापता म्हणाली, ‘‘थोरला हाय तो. थोरल्याच्या आधी धाकट्यानं समुद्र वलांडायचा, ही कुठली रीत? गप अर्ज भर तू.’’

‘‘आत्ती, बारा वर्षं राबलं कोण?’’

‘‘घरच राबलं की.’’

नेत्रानं नवऱ्याकडं पाहिलं. शिवानंद खाली बघून भात कालवत होता. अंथरुणाशी आल्यावर मग त्याला कंठ फुटला. ‘‘अण्णा एकदा गेला की मागनं मला बोलावून घेतोय म्हणालाय. भर गं अर्ज. घरात भांडान नको.’’ आणि तिनं भरला. हे सांगायलाच हवं, कारण तिला सगळ्यांत जास्त किळस पुढं त्याचीच येत राहिली, की अर्ज तिच्याच बोटांनी भरला.

मुलाखत सकाळी आठला होती. वासूनं, म्हणजे लॉजच्या मॅनेजरनं, ऑफिसची खोली आणि लॅपटॉप दिला. परशू डोक्याला तेल थापून, शिवानंदचा निळा कोट घालून खुर्चीत बसला. कोट पोटावर लागत नव्हता. आणि शिवानंद कुठं? टेबलाखाली. गुडघे पोटाशी घेऊन, मान वाकडी करून, भावाच्या पायांपाशी. प्रश्न आला की त्यानं खालनं हळू सांगायचं आणि वर परशूनं मोठ्यानं म्हणायचं, अशी परशूचीच युक्ती. नेत्रा इंग्रजीचा अर्थ सांगायला बाजूला बसली होती.

पडद्यावर दोघं होते. एक गोरा साहेब, आणि एक बाई, मूळची धारवाडकडची, न्यूझीलंडात इंजिनिअर झालेली. ती हसून म्हणाली, कन्नडातच बोलू या, सोपं जाईल. आमच्याकडं कन्नड सगळ्यांनाच येतं, मग नेत्राला कामच उरलं नाही, नुसतं बघत बसायचं.

‘‘बेअरिंग तापतंय, तेल पुरेसं आहे. तुम्ही पहिल्यांदा काय बघाल?’’

खालनं कुजबुज आली. परशू म्हणाला, ‘‘गार पाण्याची जाळी. आमच्याकडं पावसाळ्यात रानातली पानं येऊन तुंबती.’’

‘‘शाब्बास! आणि माणूस टर्बाइनच्या आत उतरायच्या आधी?’’

पुन्हा कुजबुज. ‘‘पाणी बंद, दाब उतरवायचा, कुलूप लावायचं. आणि किल्ली उतरणाऱ्याच्याच खिशात.’’

बाईनं साहेबाला इंग्रजीत सांगितलं, साहेबानं मान डोलावली. नेत्राला कळेना काय वाटतंय ते. नवऱ्याचा अभिमान वाटत होता आणि त्याच वेळी किळसही. असली उत्तरं, आणि ती जमिनीवरनं यावीत!

चारपाच प्रश्न झाले आणि बाई थांबली. ‘‘एक विचारू? आधी एक बारीक आवाज येतो, मग तुम्ही बोलता. खोलीत आणखी कोण आहे?’’

परशूला घाम फुटला. पण बेशरमाला उत्तर सुचायला वेळ लागत नाही. ‘‘कोण न्हाई, मॅडम. टेबलाखाली कुत्रं बसलंय लॉजचं, ते कुईकुई करतंय.’’ आणि खरं वाटावं म्हणून त्यानं खाली पायानं ढोसलं. ‘‘हड्!’’

शिवानंद उलट आणखी अंग चोरून बसला, पुरता कुत्र्यासारखा.

थू! नेत्राच्या मस्तकात तिडीक गेली. उठली, लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलला आणि खाली वाकून टेबलाखाली धरला. पडद्यावरची बाई आणि साहेब आता सरळ शिवानंदच्या तोंडासमोर.

‘‘हा बघा मॅडम फिटर. मघापासनं उत्तरं हाच देतोय. बारा वर्षं हाच राबलाय, दुसऱ्याच्या पासावर. विचारा त्यालाच काय ते.’’

बाई चिडली नाही, हे मी मुद्दाम सांगतो. आवाज उतरवून म्हणाली, ‘‘खोट्या नावाचा अर्ज आम्ही चालवून घेणार नाही. पण खरं काय ते तुमच्या तोंडून ऐकायचंय. काम तुम्ही केलंय का? केलं असेल तर कागदाचं कसं जुळवायचं ते मी विचारून बघेन.’’

दार एवढं उघडं होतं. आत पाऊल टाकायला दोन अक्षरं पुरे होती. शिवानंदनं बाईकडं बघितलं. मग मान वळवून भावाच्या पायांकडं बघितलं. मग हात जोडले.

‘‘न्हाई मॅडम. मला काय येत न्हाई. फिटर अण्णाच हाय. मी नुसता त्याचा डबा पोचवतोय.’’

वरनं परशूचा सुटकेचा श्वास ऐकू आला. नेत्रानं लॅपटॉप टेबलावर ठेवला, स्वतःकडं वळवला आणि म्हणाली, ‘‘मॅडम, अर्ज मी भरलावता. मीच माघारी घेते. तुमचा वेळ खाल्ला, माफ करा.’’ बाई काहीतरी बोलणार होती. नेत्रानं झाकण मिटलं.

परशू ओरडला, शिव्या दिल्या, आईला सांगतो म्हणाला, आणि कोट तसाच अंगात घालून तणतणत निघून गेला. शिवानंद टेबलाखालनं बाहेर आला. गुडघ्यांची धूळ झटकली. ‘‘चारचौघांत अण्णाचं तोंड पडलं असतं गं,’’ म्हणाला, आणि तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेला.

ती दोन पावलं मागं सरली. ‘‘हात लावू नगासा मला. आत्ता न्हाई.’’

‘‘नेत्रा, रागावू नको.’’

‘‘राग आला असता तर बरं झालं असतं. राग जातोय तरी. मला शिसारी आलीया तुमची.’’ बाहेर राफ्टिंगची गाडी येऊन थांबली होती, माणसं ओरडत उतरत होती. ती घाईनं बोलली. ‘‘उद्या सकाळी मुकादमाकडं जावा. सांगा, माझं नाव शिवानंद, माझ्या नावाचा पास द्या. हेल्पर म्हणून घेतील, पहिल्या दिवसापासनं मोजतील, मोजू देत. तीन वर्षांनी मी परत अर्ज भरते. जमलं तर सांजच्याला मला न्यायला या. न्हाई जमलं तर या वाटेला येऊ नगासा.’’

‘‘जमतंय की,’’ तो म्हणाला. ‘‘जातो उद्या.’’

नेत्रा ती रात्र लॉजवर स्वयंपाकिणीच्या खोलीत राहिली. दुसरा दिवस कसा गेला म्हणून विचारू नका. पाहुण्यांची नावं लिहिताना दोनदा चुकली. स्वतःलाच समजावत होती: माणूस भित्रा असतो, पण एकदा तरी उभा राहतो. तीन वर्षं म्हणजे काय मोठी! दुपारनंतर तर तिनं केस विंचरून वेणीत अबोली पण माळली.

साडेपाचला तो फाटकातनं आत आला. नवा शर्ट, हातात भज्यांचा पुडा, तोंडभर हसू. ‘‘चल की,’’ म्हणाला. ‘‘आईनं शेवया केल्यात. अण्णा पण काय बोलणार न्हाई म्हणालाय.’’

नेत्रानं पुड्याकडं बघितलं नाही. तिनं त्याच्या गळ्यात बघितलं. ड्युटीवरनं तसाच आला होता. छातीवर पास लोंबत होता, आणि त्याच्यावर नाव होतं ते परशूचं.

तो ओशाळला. ‘‘मुकादमाला सांगणारच होतो. अण्णा म्हणाला, लावणी होऊ दे, मग बघू.’’

नेत्रा उठली. पदर डोक्यावरनं घेतला, थोरल्या दिरासमोर घेतात तसा, आणि दोन हात लांब उभी राहून खाली बघत म्हणाली,

‘‘भावजी, तुम्ही कशाला आलासा? मी माझ्या नवऱ्याची वाट बघत होते.’’