कौसल्याताईंचं चक्र
मित्रांनो, मी एक जुना एलईडी बोर्ड आहे. धावड्याच्या बुद्धविहारात कपाटाआड उभा असतो. दर जयंतीला लोक मला बाहेर काढतात, माझं कौतुक करतात आणि मी लाजेनं मरतो.

१९९८ साली कौसल्याताईंनी मला घडवलं. त्या गावच्या सून, जालन्याला रेडिओ दुरुस्ती शिकलेल्या. प्लायवूडवर त्यांनी चोवीस आऱ्यांचं चक्र आखलं. निळे दिवे मिळाले नाहीत, म्हणून एकशे ब्याण्णव हिरवे दिवे बसवले. दिव्याचा लांब पाय अधिकचा, आखूड पाय उण्याचा. एकही उलटा लागला नाही. आठ चॅनेल केले, प्रत्येकात तीन आरे. ते एकामागून एक पेटले की चक्र फिरताना दिसे. आठांची परतीची तार मात्र एकच होती, ती सुटली की सगळेच दिवे बंद.

जयंती मंडळाचे अध्यक्ष काकासाहेब म्हणाले होते, "चक्र बराबर फिरलं तं विहाराची सगळी वायरिंग तुलाच देऊ, कौसल्या." गावात बाईला असं काम कुणी दिलं नव्हतं. मी तर आधीच फुगून बसलो.

जयंतीच्या संध्याकाळी मंडळाचा वसंता मला न्यायला आला.

"भावजी, तारांना धरू नका, खालून उचला," ताई म्हणाल्या.

"आता मला शिकवू राह्यली का?" म्हणत त्यानं तारांनाच धरून उचललं. परतीची तार जोडातून निसटली.

विहारासमोर बटण दाबलं, पण एकही दिवा लागला नाही.

"पालथं करून पाहू द्या, तार निघाली असंल," ताई कळवळून म्हणाल्या. पण लोक हसत होते.

"बाईमाणसाचं काम न्हाई हे, सरका!" वसंतानं मला जोरात थापड मारली. तार टेकली आणि मी फिरू लागलो. टाळ्या वसंताला मिळाल्या, वायरिंगचं कामही त्यालाच मिळालं. आणि मी? गुमान विझायचं सोडून निर्लज्जासारखा तोऱ्यात फिरत राहिलो.

दुसऱ्या दिवशी ताईंनी ती तार शोधून पक्की जोडली. मला एका शब्दानंही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानंतर त्यांना कुणी काम सांगितलं नाही.

तो जोड आजवर हललेला नाही. तरी लोक मला 'वसंताचं चक्र' म्हणतात.

मित्रांनो, वस्तू बंद पडली तर थापड मारू नका. जिनं ती घडवली, तिला आधी विचारा. आणि इकडं आलात तर मला एकदा पालथं करा. तारांपाशी पेन्सिलीनं एक ते आठ आकडे लिहिलेले आहेत. ते अक्षर कौसल्याताईंचं आहे. तेवढं सगळ्यांना मोठ्यानं सांगा. मला ते कधीच सांगता आलं नाही.