दोन तारा, एकच पेटी

तळहाताएवढी हिरवी पाटी आणि तिच्या टोकाला तारा खोचायच्या दोन खाचा, एवढाच माझा जीव. मित्रांनो, मी एक जुनं नेटवर्क कार्ड आहे.

मला निवडलं इस्पितळातल्या ताईनं. तिथला सर्व्हर, म्हणजे सगळ्या संगणकांना जोडणारं मोठं यंत्र, ती सांभाळायची. भांडारातले काका एका खाचेचं कार्ड पुढे करत म्हणाले, "एका दाराच्या घरात माणसं राहत नाहीत का गं?"

"राहतात की! आग लागली की मग भिंतीत दार शोधतात," ताई म्हणाली आणि तिनं मला उचललं.

मला सर्व्हरमध्ये बसवून माझ्या दोन तारा तिनं दोन वेगळ्या पेट्यांत लावल्या. आलेला निरोप पुढे वाटून देणं हे त्या पेट्यांचं काम. एक पेटी बंद पडली तरी दुसरीतून वाट राहावी, एवढ्यासाठीच माझ्या दोन खाचा. माझे दोन्ही दिवे लुकलुकले तशी ताई हसली. "शाबास!"

संसर्गाच्या वॉर्डात नातेवाइकांना सोडत नसत. रोग्याचा चेहरा नि आवाज वॉर्डातून एका वेगळ्या तारेनं थेट सर्व्हरपर्यंत यायचा, आणि तिथून तळमजल्यावरच्या भेटीच्या खोलीत मी पोचवायचो. सात वर्षं मी किती जणांचं रडणं-हसणं वाहिलं, त्याला गणती नाही.

आठव्या वर्षी एक पेटी दुरुस्तीला गेली. ताईनं माझ्या दोन्ही तारा उरलेल्या पेटीत खोचल्या. "तात्पुरतं," ती स्वतःशीच म्हणाली. पेटी दुरुस्त होऊन आली, पण त्याच आठवड्यात ताईची आई त्या वॉर्डात दाखल झाली. पेटी फळीवरच राहिली. ताई रोज तिच्याकडे बघून म्हणायची, "उद्या लावते."

रोज दुपारी मायलेकींची भेट माझ्यातून व्हायची.

"जेवलीस का? की यंत्रालाच भरवत बसलीस?"

"जेवते गं आई. तू आधी दोन घास खा."

आईचा आवाज दिवसेंदिवस बारीक होत गेला. एका दुपारी धाप लागलेली असताना तिनं हाक मारली, "अगं, ऐक..."

आणि पेटी जळाली. माझे दोन्ही दिवे एकदम विझले. आईचे पुढचे शब्द माझ्यापर्यंत आले, पण मला बाहेर पडायला वाटच नव्हती.

ताई जिने चढत धावत आली. एकाच पेटीत खोचलेल्या दोन तारा तिनं बघितल्या आणि उपटून काढल्या. मग फळीवरची पेटी काढली. ती जोडून एकेक तार तिच्यात खोचली. माझा दिवा लागला तेव्हा अकरा मिनिटं झाली होती. सर्व्हरच्या पडद्यावर नर्सबाई आईचे डोळे मिटवत होत्या.

नवं यंत्र आलं तेव्हा ताईनं मला फेकलं नाही, खणात ठेवलं. कधीतरी खण उघडते, माझ्याकडे बघते आणि विचारते, "काय म्हणाली रे ती?"

मला तोंड नाही, मित्रांनो. म्हणून तुम्हाला सांगतो. चांगली वस्तू निवडून भागत नाही, ती ज्यासाठी निवडली ते रोज जपावं लागतं. कुठे दोन तारा एकाच पेटीत दिसल्या, तर एक आजच काढून दुसरीत लावा.

आणि माझी ताई भेटलीच, तर तिला सांगा. आई म्हणाली होती, "तुला बघून पोट भरलं गं माझं. जा, आता तू जेवून घे."