बारा कानांची दोरी

मी दोरी बोलतेय. पिळाची आहे, त्यामुळे बोलणंही पिळदार येणार. ज्याला सरळसोट हवं असेल त्याने फूटपट्टीकडे जावं.

जन्म कारखान्यातला. तंबूंचे जाड दोर तिथे वळले जात. मोठं रीळ संपताना शेवटी जेवढी शिल्लक राहिले तेवढी मी. दुकानदाराने कोपऱ्यात टाकताना म्हटलं, "उरलेला तुकडा." हे नाव बराच काळ चिकटलं. मी विचारते, उरलेला कसला? माझ्या बरोबरीचे तंबूचे दोर एव्हाना वादळात तुटून गेले असतील. मी अजून आहे आणि तुमच्याशी बोलतेय.

कोपऱ्यातून मला उचललं ते बाईंनी. लहान मुलांच्या शाळेतल्या बाई. अडीच ते पाच वर्षांची पोरं सांभाळणाऱ्या. मला दोन्ही हातांनी ताणून पाहिलं, वास घेतला आणि म्हणाल्या, "ही चालेल." मग आठवडाभर बसून माझ्या अंगाला कापडाच्या बारा कड्या शिवल्या, सहा या बाजूला, सहा त्या बाजूला. दोन जुन्या पडद्याच्या, चार नवऱ्याच्या विजारीच्या, एक स्वतःच्या कोटाच्या बाहीची. बाकीच्या कशाकशाच्या ते त्यांनाच ठाऊक. मुलांना बाहेर नेताना प्रत्येकाने एकेक कडी धरायची आणि पुढचा शेंडा बाईंच्या हातात.

शाळेतल्या मावशी म्हणाल्या, "छान झालेत फास."

"फास म्हणायचं नाही," बाई म्हणाल्या. "लेकरांच्या हातात देणार आहे मी. ते कान आहेत."

झालं. तेव्हापासून ते कान. भिंतीला कान असतात म्हणतात, पण त्यांचा उपयोग चहाड्यांपुरता. माझे बारा, आणि बाराही कामाचे.

माझं खरं काम थंडीतलं. उन्हाळ्यात कुणीही कुणालाही बाहेर नेतं, त्यात काय मोठंसं? आमच्या बाई पाण्यावर बर्फ धरला तरी मुलांना बाहेर काढत. रोज, तासभर. मावशी कुरकुरत. "अर्धा तास कपडे चढवायला, अर्धा तास उतरवायला, आणि सगळ्यांची बटणं लावून झाली की एकाला शू लागते." बाई म्हणत, "घरात बसून नाक वाहतंच ना? मग बाहेर वाहू दे."

आम्ही मागच्या फाटकातून निघायचो. फाटकापलीकडे पायवाट, मग मोकळं मैदान. मला पाय नाहीत, पण चोवीस पायांची चाल माझ्या अंगातून जायची. कोण ओढतं, कोण लोंबतं, कोणाचं लक्ष पाखराकडे आहे, हे मला बाईंच्या आधी कळायचं. चौथ्या कानावर एक मुलगा असायचा, त्याला सगळे सावकाश्या म्हणत. तो आला की माझं अर्धं अंग मागे राहायचं. शेवटच्या कानावर गुंडी. ती सर्वांत लहान. कोटाला एकच मोठी गुंडी होती, त्यावरून नाव पडलं. तिचा हात एवढासा, पण पकड अशी की घोरपडीने शिकावी.

खेळायला बाई काही नेत नसत. एक डबा, चार जुन्या बशा, बस. डबक्यावर पातळ बर्फ धरलेला असायचा. बाई म्हणत, "एकेकाने पाय ठेवायचा. कान सोडायचा नाही." कर्रर आवाज झाला की बाराही कान एकदम थरथरायचे. सावकाश्या एकदा वाकून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "बाई, पाण्याला साय आलीय."

बाई म्हणाल्या, "काढून बघ, जाड आहे का?"

बशांत पाणी भरून, त्यात पान नाहीतर पीस टाकून त्या कुंपणाशी ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी बर्फाची चकती निघायची आणि ती डोळ्याला लावून पोरं सूर्य बघायची. तोंडातून वाफ निघाली की गुंडी सांगायची, "माझ्या पोटात चहा होतोय." थंडीतल्या लांब सावल्या पकडायच्या, आपल्याच सावलीच्या डोक्यावर पाय द्यायला धावायचं. ते कधी कुणाला जमलं नाही आणि कुणी सोडलंही नाही. मैदानात ऊन कुठे पडलंय ते हुडकायचं आणि सापडलं की बाराजणांनी त्या तुकड्यात मावायचं. तेव्हा मला जमिनीवर गोल ठेवत. मध्ये ती सगळी एकमेकांना चिकटून, आणि मी भोवती. माझ्या आयुष्यात याहून मोठं मला काही मिळालेलं नाही. मिळायला हवं होतं असंही वाटत नाही.

मुलं पाचाची झाली की मोठ्या शाळेत जायची. रस्त्यात भेटली तर बाईंना ओळखायची, मला नाही. हाताला वस्तू लक्षात राहत नाही, सवय राहते. हे मी समजून घेतलं होतं. दर वर्षी नवे हात येत, म्हणून चालून गेलं.

मग आली ती सकाळ. मी दाराशेजारच्या खुंटीवर होते, म्हणून सगळं ऐकलं. गुंडीची आई तणतणत आत आली. समोर शाळेच्या मॅडम.

"काल थंडीत मुलांना बाहेर उभं करून तासभर कान धरायला लावले म्हणे."

मॅडम चपापल्या. "असं कोण म्हणालं?"

"माझी मुलगी. आणि ती खोटं बोलत नाही. रात्री जेवताना सांगितलं तिने. बाईंनी कान धरायला लावले, सोडला की ओरडतात. अडीच वर्षांचं पोर, मॅडम. एवढी कसली शिक्षा?"

आता गुंडी खरंच खोटं बोलली नव्हती. शब्द न् शब्द खरा होता.

बाईंना बोलावलं. त्यांनी खुंटीवरून मला काढलं, शेवटचा कान त्या आईच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "हा कान. तुमच्या लेकीचा आहे, रोजचा."

ती आई माझ्याकडे बघत राहिली. कानशिलं लाल झाली. तिची बोटं सैल पडली होती. मला वाटतं, ती हसणारच होती. दोन क्षण मिळाले असते तर हसली असती आणि गोष्ट तिथेच मिटली असती. पण तेवढ्यात मावशींना हसू आवरलं नाही. पदर तोंडात कोंबला तरी फुसकन बाहेर आलंच.

माणसांचं मी एवढं आयुष्य पाहिलं, त्यातून एक शिकले. चूक झाली म्हणून माणूस चिडत नाही. ती दुसऱ्याने पाहिली म्हणून चिडतो.

त्या आईने मला टेबलावर टाकलं. "कान कसलेही असोत," ती म्हणाली, "थंडी तर होतीच ना?"

थंडी होतीच.

संध्याकाळपर्यंत आणखी चार आयांना एकदम थंडी वाजायला लागली. एकीच्या मुलाला खोकला होता, तो आधीचाच, पण त्यालाही आता कारण मिळालं. मॅडमनी बाईंना आत बोलावलं. मॅडम वाईट नव्हत्या. मोठी माणसं थंडीला भीत नाहीत हो, थंडी लागलेल्या मुलाच्या आईला भितात.

"थंडी संपेपर्यंतच बंद ठेवू," मॅडम म्हणाल्या.

"थंडी संपल्यावर डबक्यावरचा बर्फ मी कुठून आणू?"

"चित्र दाखवा."

"चित्र चाटून बघता येत नाही."

मॅडमनी चष्मा काढला. "म्हणजे मुलं चाटतात?"

बाईंची जीभ ही अशी. माझ्यासारखीच, पीळ जाणार नाही. तिथे गप्प बसल्या असत्या तर आठवड्यातून दोन दिवस तरी पदरात पडले असते. पण त्या म्हणाल्या, "चाटतात. मीही चाटलाय. मेले नाही." आणि सगळंच बंद झालं.

पुढचे दहा दिवस बाईंनी आम्हाला खोलीतच फिरवलं. टेबलाभोवती, कपाटाला वळसा, पुन्हा टेबल. सावकाश्याने तिसऱ्या फेरीत विचारलं, "बाई, आपण कुठे जातोय?" बाई थांबल्या. मी त्यांच्या मुठीत होते, मूठ घट्ट झाली ती मला कळली. त्या शनिवारी त्यांनी काम सोडलं.

जाण्याआधी मला खुंटीवर लावून बाराही कान एकेक करून सरळ केले. मला वाटलं, घरी नेतील. मनात राग धरला होता मी, खोटं कशाला बोलू? पण त्या शाळेची वस्तू शाळेत ठेवणाऱ्या. आणि मला घरी नेऊन त्या कुणाच्या हातात देणार होत्या?

आता नवी ताई आहे. गोड बोलते. पडद्यावर बर्फ दाखवते, कागदावर कापूस चिकटवून घेते. मुलं खोकतात, आतल्या आत, एकमेकांना वाटून घेत.

मागच्या फाटकाची कडी मोडली तेव्हा मॅडम मावशींना म्हणाल्या, "त्या खुंटीवरच्या दोरीने बांधून टाका. पडूनच आहे." तर आता मी फाटकावर आहे. ज्या फाटकातून मुलांना नेलं, तेच माझ्याकडून बंद करवून घेतलंय. सकाळी अंगावर दहिवर साचतं, कान कडक होतात. त्यात पाणी गोठलं की शिवण उसवते. दोन कान गेले. पायवाटेने माणसं जातात, फोनकडे बघत. शाळेतली एकटी मीच काय ती आता थंडीत बाहेर असते.

इथून खिडकी दिसते. दुपारच्या आधी, आमच्या वेळेला, मुलं काचेला नाक लावतात. मैदानात ऊन कुठे पडलंय ते त्यांना तिथून दिसतं. गुंडी बोट दाखवते, मग ताई तिला उचलून परत पडद्यासमोर बसवते.

मला स्वतःसाठी काही नको. खुंटीवर परत लावा, धुवा, फाटले कान शिवा, असं मी म्हणणार नाही. एक मात्र सांगते. बांधून झाल्यावर मॅडमनी फाटक दोनदा हलवून पाहिलं. हललं नाही, म्हणून समाधानाने आत गेल्या. गाठ कसली आहे ते त्यांनी पाहिलं नाही. मावशींनी निरगाठ मारलेली नाही. ज्या हसण्याने सगळं बिघडलं ते मावशींना खात असावं, कारण बांधताना त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, मला एकदा थोपटलं आणि सुरगाठ मारली. तीसुद्धा फाटकाच्या वरच्या दांडीला, पोरांचे हात पोचणार नाहीत अशी. एक टोक बाहेरच्या बाजूला मोकळं लोंबतंय.

पोरांनी ते ओढायचं नाही. बांधलं मोठ्यांनी, सोडायचंही मोठ्यांनीच. तुम्ही या पायवाटेने जाता. ताई असाल, बाई असाल, अगदी गुंडीची आई असलात तरी माझा राग नाही. टोक ओढा, मी लगेच सुटते. शेंडा आपल्या हातात घ्या. दहा कान शिल्लक आहेत, ते भरायला मुलांना सांगावं लागत नाही.

फक्त लवकर या. थंडी संपत आलीय.