भिंतीवरचं बटन

मी एक जुनी विजेची शेगडी आहे. मित्रांनो, सध्या माझा मुक्काम किन्हीराजातल्या एका घराच्या माळ्यावर, फुटक्या घमेल्याशेजारी आहे. जागा अडचणीची असली तरी इथून खालचं सगळं स्वयंपाकघर दिसतं. दिसलं नसतं तर बरं झालं असतं.

पत्र्याचं अंग, पांढऱ्या मातीची थाळी आणि तिच्या खाचेत वेटोळं घातलेली तार, एवढंच माझं रूप. बापूरावांनी मला वाशीमच्या बाजारातून आणलं, तेव्हा त्यांची बायको आवडाबाई शॉकच्या भीतीनं लांबच उभी राहिली. बापूरावांनी तिला जवळ बसवलं.

"आधी बटन बंद करायचं, मंगच भांड्याले हात लावायचा. इसरू नोको," ते म्हणाले.

ती विसरली नाही. भिंतीवरचं बटन बंद, मग पदरानं भांडं खाली, हा तिचा नेमच झाला. बटन बंद केल्यावरही माझी तार बराच वेळ तापलेली राहते, हे तिनं हेरलं होतं. बेसन, म्हणजे आमच्याकडचं पिठलं, जरा कच्चं असतानाच ती बटन बंद करी आणि उरलेल्या धगीवर ते असं मुरू देई, की पाहुणे बोटं चाटत. तिची तारीफ झाली की मीही फुलून जाई. पुढे बापूराव गेले, माझी तार कितीदा तुटली, पण नेम मोडला नाही.

मग सून आली, सायली. पोर वाईट नाही हं. पुढे तिची लेक संस्कृती शाळेत जाऊ लागली, तर लाइन नेमकी सकाळी जायची आणि पोरीचा डबा अर्धाच राहायचा.

"आई, लाइनीच्या भरोशावर कसं होईन? गॅसच घेऊन टाकू," ती म्हणाली.

नव्या गॅसला हळदकुंकू लागलं, दूध उतू घालवलं. माझी वायर गुंडाळली गेली तेव्हा माझ्याकडे कुणी पाहिलंही नाही.

थोड्याच दिवसांनी सगळे शेतात गेले असताना आवडाबाईनं सवयीनं भिंतीवरचं बटन लावलं, सायलीचं पाहून गॅस पेटवला, वर बेसन ठेवलं आणि शिजत आलं तसं नेमाप्रमाणे तेच बटन बंद केलं. माझी लाल तार तिला मोतीबिंदूतूनही अंधुक दिसायची. गॅसची निळी ज्योत भर दुपारी दिसेना. उरलेल्या धगीवर मुरेल म्हणून ती अंगणात तूर निवडायला बसली. गॅस जळतच राहिला. कढई करपली, शेजारचं फडकं पेटलं. मी वरून पाहत होते आणि मला साधी हाकही मारता येत नव्हती. तिचा मुलगा जगदेव ऐन वेळी घरी आला, म्हणून निभावलं.

"घर जळालं असतं, माय! आता सैपाकाले हात लावू नोको!"

"बटन तं बंद केलं होतं म्या," ती रडत म्हणाली. "ह्यायनंच शिकवलं होतं."

तेव्हापासून ती उंबऱ्यापाशी बसते आणि वाढून दिलेलं मुकाट्यानं खाते. दुपारी घर रिकामं झालं की आत येते, भिंत चाचपते, बटन बंद आहे ना ते पाहते. मग पदर हाती घेते आणि खाली भांडंच नाही हे कळून तशीच उभी राहते. माझ्या तारेत जीव असता तर तो तिथेच तुटला असता.

मित्रांनो, मला खाली काढा असं मी म्हणत नाही. माझे दिवस सरले. पण घरात नवी वस्तू आली की म्हाताऱ्या माणसाला तिच्याजवळ बसवा. त्याचा हात धरून नव्या नॉबवर ठेवा, पुन्हा पुन्हा शिकवा. बापूरावांनी शिकवलं होतं तसं.

आवडाबाई आजही येऊन गेली. बटन तिनं बंदच करून ठेवलं आहे.