व्हरांड्यातले बावीस

मेट्रनची जागा मिळाली असती तर बाईंच्या पदरात काय काय पडलं असतं, ते सगळ्या हॉस्पिटलला पाठ होतं: स्वतंत्र खोली, खिडकीला पडदा, रात्रपाळीतून कायमची सुटका, आणि ‘सिस्टर’ऐवजी ‘मॅडम’. बाई वरवर म्हणायच्या, मला कशाला हवंय ते. पण त्या सकाळी त्यांनी डोक्यावरच्या टोपीच्या पिना तीनदा काढून पुन्हा लावल्या होत्या.

तपासणीला मोठे साहेब यायचे होते. तेव्हाच्या तपासण्या म्हणजे एक सोहळाच. वॉर्डात खाटा चाळीस, पेशंट त्रेसष्ट. जास्तीचे तेवीस जमिनीवर, गाद्या टाकून. कागदावर ते नव्हतेच, मग साहेबांना दिसून कसं चालेल? आयामावशी हाळी द्यायची, “चला मंडळी, हवा खायला,” की सलाईनच्या बाटल्या उंच धरून, पायजमे सावरत सगळे मागच्या व्हरांड्यात. तक्रार कुणाचीच नसे. उलट तिथे पत्त्यांचा डाव असा रंगे की परत आणताना मावशीला दटावावं लागे.

त्या दिवशी बावीस गेले. तेविसावा एक म्हातारा शिंपी. पंख्याखाली, तीन उशांना टेकून, कसाबसा श्वास ओढत होता. मावशीने गादीला हात घातला तसं त्याने बाईंकडे पाहिलं.

“इथंच राहू द्या ना. तिकडं नेलंत तर वाटेतच आटपेन मी.”

मावशी बाईंच्या कानाशी लागली. “उचलते मी. दोन मिनिटांचं काम. नाहीतर मेट्रनची खुर्ची हातची जाईल तुमची.”

बाईंनी शिंप्याची नाडी पाहिली, जरा जास्तच वेळ. मग म्हणाल्या, राहू दे.

साहेब नेमके त्याच गादीशी थांबले. हा कोण, खाटा किती, पेशंट किती, सगळं विचारलं.

“खाटा चाळीस,” बाई म्हणाल्या, “पेशंट त्रेसष्ट. बाकीचे बावीस व्हरांड्यात आहेत, साहेब. बोलावू?”

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि पुढे निघाले.

खुर्ची शेजारच्या वॉर्डाच्या सिस्टरला मिळाली. तिची फरशी आरशासारखी लखलखत होती. शिंपी चार दिवसांनी गेला, झोपेत. आता बाईंवर शेरा येणार, असं सगळे धरून चालले होते. पण शिकलेली सिस्टर हलवली तर तिच्या जागी दुसरी आणायची कुठून? तेव्हा कागदावर चूक मावशीची निघाली: वॉर्ड वेळेत आवरला नाही. तिची बदली तळघरातल्या धुलाईखान्यात झाली. ती रद्द करा म्हणून बाई दोनदा अर्ज घेऊन वर गेल्या. दोन्ही वेळा त्यांना कुणी बसा म्हटलं नाही.

खाली भेटायला गेल्या तेव्हा मावशी वाफेत उभी राहून चादरी पिळत होती. बाईंनी डोळे पुसले.

“रडताय काय,” मावशी म्हणाली. “इथं कुणी मरत तरी नाही.”

बाईंना निवृत्त होऊनही आता बरीच वर्षं झाली. जुन्या मैत्रिणी जमल्या की त्या हुकलेल्या खुर्चीबद्दल अजून हळहळतात. बाई ऐकून घेतात, आणि म्हणतात, माझं काही गेलं नाही गं, गेलं ते मावशीचं. माणसांवाचून घटकाभर करमायचं नाही तिला. अकरा वर्षं त्या धुलाईखान्यातच होती. जिना उतरू लागलं की लांबूनच तिचा आवाज यायचा. चादरींशी बोलत असायची.